माळ्यावरचं रबर

दाजी,

तुझ्या तेराव्याला तुझ्याच माळ्यावर मला साप सापडला, हे तुला सांगायचं राहिलं. बाकी गावाला सांगायची गरज पडली नाही. मी ओरडलोच एवढा, की बंदरावरच्या माणसांनीही वर मान करून बघितलं म्हणतात.

झालं असं, की पंगतीला मोठं तपेलं हवं होतं आणि ते माळ्यावर. ओटीवर पुरुषमाणसं पुष्कळ बसली होती, पण शिडी लावल्याबरोबर ज्याचा त्याचा गुडघा दुखायला लागला. शेवटी वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "भावजी, तुमीच चढा बघू. ह्येंच्यान काय व्हवचा नाय."

मी तुझा मामेभाऊ, वर गाडीतला अर्धा भागीदार. चढलो. वय पन्नाशीच्या जवळ आणि पोट वयाच्या दोन पावलं पुढे, तेव्हा चढलो हेच खूप. तपेल्याच्या मागे हात घातला तर बोटांना गार, गुळगुळीत, वेटोळं घातलेलं काहीतरी लागलं. डोळे बारीक करून बघितलं तर काळंकुट्ट. "दिवड! दिवड!" म्हणत मी शिडीच्या पायऱ्या न मोजता खाली आलो. भटजी सोवळं सावरत माझ्याही आधी अंगणात पोचले होते.

शेजारचा बाबी काठी घेऊन वर गेला. त्यानं ढोसलं, पुन्हा ढोसलं, मग वरूनच विचारलं, "अंतूकाका, ह्या दिवडाक तोंड खंय?"

तोंड नव्हतं आणि शेपूटही नव्हती. तुझ्या जुन्या खाकी शर्टात अर्धवट गुंडाळलेलं ते वेटोळं बाबीनं खाली टाकलं, ते अंगणात उलगडलं, आणि सगळे पोट धरून हसले. तेराव्याच्या घरात एवढं हसू बरं नव्हे म्हणून कुणीतरी दटावलं, तरी हसले. मी तेवढा हसलो नाही. कारण ते काय आहे हे त्या अंगणात ओळखणारा मी एकटा होतो. गाडीच्या पुढच्या काचेभोवती बसतं ते रबर. कोरं. आपल्या काळ्या गाडीच्या, काळीच्या काचेचं.

जे रबर, दाजी, तू मला वर्षानुवर्षं सांगत होतास की कुठे मिळत नाही.

* * *

आता ह्यात मला सगळ्यात जास्त काय बोचलं, ते सांगतो. रबरापेक्षा कावळा.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला, तेव्हा समोरच्या माडावर कावळे भरपूर होते आणि एकही खाली उतरायला तयार नव्हता. तुझ्या जावयानं हात जोडून सांगितलं, "आयेक आमी सांभाळतलो." काही नाही. तुझ्या धाकट्या भावानं सांगितलं की काजूच्या बागेवरून भांडण करणार नाही. त्यावर तर एक कावळा उडूनच गेला. उरलेल्यांतला एक मान वाकडी करून बसला होता, अगदी तू बसायचास तसा, समोरचा माणूस अजून किती वाढवतो ते बघत. ऊन वर आलं. बायका वैतागल्या. मग भटजींनी मला खूण केली.

"अंतू, तू बोल. भागीदार तू. तुज्यात काय अडाकला आसात."

मी पुढे झालो. नेमकं काय बोलायचं ठरवलं होतं ते विसरलो आणि तोंडातून निघालं, "दाजी, गाडी विकूचंय नाय. मी आसय तवसर काळी दारातच रवतली."

वाक्य संपायच्या आत तो खाली आला आणि शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र रडलो. लाज कसली, हुंदके देऊन रडलो. मला वाटलं, ह्या माणसाचा जीव बायकोत नाही, लेकीत नाही, बागेत नाही, माझ्यात आणि गाडीत अडकला होता. मनातल्या मनात थोडा मिरवलोही. घरी येताना रस्ताभर वाटेत भेटेल त्याला "माझ्याच शब्दाक शिवलो" असं सांगत आलो.

आणि मग तेराव्याला ते रबर. म्हणजे जिवंतपणी फसवलंस ते फसवलंस, वर मेल्यावर कावळा पाठवून माझ्याकडून शब्दही काढून घेतलास. अरे, भामटासुद्धा मेल्यावर थांबतो!

* * *

काळीची हकीगत मी कुणालाही सांगायला लागलो, की तू मध्येच तोंड घालायचास आणि सगळी हकीगत आपल्या बाजूला वळवून घ्यायचास. आज घाल बघू.

मुंबईत तू ज्या शेटची गाडी चालवायचास, तो विलायतेला निघाला तेव्हा त्यानं ती जुनी गाडी तुझ्या गळ्यात बांधली. तुला एकट्याला झेपेना, म्हणून तू अर्धी माझ्या गळ्यात बांधलीस. माझ्या वडिलांचा एका होडीत हिस्सा होता, तो विकून मी तुझा भागीदार झालो. पाण्यावरचा हिस्सा विकून रस्त्यावरचा घेतला, आणि पाणी काही सुटलं नाही, कारण त्या गाडीच्या पुढच्या काचेतून ते आत यायचं. कागद केला नाही. उजवीकडे तू, डावीकडे मी, एवढीच आपली वाटणी. पाणी डावीकडून यायचं.

गाडीत बसून डोक्यावर इरलं घेणारा माणूस मालवणपासून कट्टा गावापर्यंत मी एकटा. पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडायची, "भातलावणीक खंय चललास, काकानू?"

पहिल्या वर्षी तू म्हणालास, "ह्यात काय आसा? होडी गळली तर आपण काय करतो?" तुझे आजे होडीवरचे तांडेल. तुझ्या घराण्यात गळक्या वस्तूवर एकच औषध माहीत. तू होडीच्या फटी बुजवतात तसा कापूस पिळून काचेभोवती कोंबलास आणि वरून तेलात वितळवलेली राळ ओतलीस. मी म्हटलं, "दाजी, ही होडी न्हय."

"गळता म्हणजे होडीच."

पहिल्या सरीला पुन्हा गळली. तेव्हा तुझं दुसरं शास्त्र निघालं. उन्हात वाळलेली होडी पाण्यात लोटली की आधी गळते, मग फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. "तिका पाणी पिवांदे," असं म्हणून तू मला विहिरीवर उभा केलास आणि कळशीमागून कळशी काचेवर ओतायला लावलीस. एक आख्खा दिवस आपण लोखंडाच्या गाडीला पाणी पाजलं. संध्याकाळी तू काचेला कान लावून म्हणालास, "पिता हा."

ह्याचा निकाल चैत्रात लागला. कट्ट्याच्या स्टँडवर नवरदेवाला घेऊन गाडी उन्हात उभी होती, आणि नवरदेव मानानं डावीकडे, माझ्या जागेवर. राळ वितळली. मुंडावळ्यांवर पहिला थेंब पडला तेव्हा त्याची आत्या म्हणाली की शुभ आहे. मग टोपीवर पडला, मग मिशीवर. लग्न लागलं तेव्हा नवऱ्याची मिशी एका बाजूला ताठ उभी होती. त्याच्या सासऱ्यानं तुला विचारलं, "ह्या काय लावलंत जावयाक?" आणि तू गंभीरपणे सांगितलंस, "राळ. मिशी आता कायमची ताठ रवतली." तो माणूस अजून दिसला की मला लपायची सवय आहे.

* * *

एवढं सगळं मी हसत सांगतो आणि हसतच सांगत आलोय. आता जे सांगतो ते हसत सांगता येत नाही.

मी कट्ट्याला दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजत होतो हे तुला ठाऊक. गज माझ्या हातात आणि गल्ला दुसऱ्याच्या. गोवा सुटला, सरहद्दीवरची झडती गेली, आणि माझ्या मेव्हण्यानं म्हापशाहून निरोप धाडला की बाजारात एक गाळा रिकामा होतोय, कापडाचं दुकान घालतोस का? दाजी, मी त्या आठवड्यात ज्यानं येऊन कापड मागितलं त्याला दीड हात जास्तच फाडून दिलं असेल. मनातल्या मनात मी कधीच म्हापशाला बसलो होतो.

हे मी पहिल्यांदा तुला सांगितलं. बायकोच्याही आधी. तुझ्या ओटीवर बसून सांगितलं की काळी विकू, माझा हिस्सा मला दे, मी दुकान घालतो. तू विडी विझवलीस आणि म्हणालास, "गळकी गाडी घेतलो कोण? आदी रबर बदलूक होया. मगे विकू."

मला पटलं. मला तुझं सगळंच पटायचं.

मग तू आरोंद्याला गेलास, तरीनं, म्हणजे उतारूंच्या होडीनं, खाडी ओलांडून पलीकडे गोव्यात उतरलास आणि दोन दिवसांनी परत आलास. माझ्या मुलीला बाहुली आणलीस, वहिनीला पोर्तुगीजांच्या वेळची उरलेली साबणाची वडी, आणि मला म्हणालास, "अंत्या, रबर काय गावाक नाय रे. पोर्तुगीज गेले, विलायती माल येवचो बंद झालो. आता तेचो नाद सोड." तुझा चेहरा एवढा उतरला होता, की मीच तुझी समजूत काढली. मी तुला म्हटलं, "मरांदे दाजी. नशिबात नाय." माझ्या खर्चानं चहा पाजला तुला. त्या चहाबरोबर तू दोन भजी जास्तीची मागितलीस. तीही दिली.

आणि तेव्हा ते रबर कुठे होतं? वहिनीच्या साबणाखाली, तुझ्याच पिशवीत.

तशीच विकायची म्हटलं तर तू आड आला नाहीस. आड यायचं कामच नव्हतं. सावंतवाडीचे ते वकील आले होते बघायला, आठवतात? ऐन श्रावणात आले. गाडी त्यांना आवडली होती. बसले, हॉर्न वाजवून बघितला, मागची गादी दाबून बघितली. मी तर त्यांच्या बोटातल्या अंगठीकडे बघून दुकानाच्या पाटीचा रंग ठरवत होतो. तेवढ्यात तू पुढे झालास.

"वकीलसाहेब, एक सांगान ठेवतंय. गळता. छत्री घेवन बसूचा लागतला."

वकील हसले, मग काचेकडे बघितलं, मग माझ्या खांद्याकडे. माझा डावा खांदा ओलाच होता. "कळवतो," म्हणाले आणि गेले.

मला राग आला नाही, दाजी. मला अभिमान वाटला! घरी जाऊन बायकोला सांगितलं की दाजी बघ कसा, तोंडाशी आलेला सौदा गेला पण खोटं बोलला नाही. पुढे जो जो बघायला आला त्याला तू हेच सांगितलंस आणि मी दर वेळी गावभर तुझ्या खरेपणाचा डंका पिटला. "आमचो दाजी खोट लपवणारो न्हय." हे वाक्य मी किती ठिकाणी म्हटलं असेल! गावात आजही कुणी व्यवहारात जरा बनवाबनवी केली तर त्याला तुझं उदाहरण देतात. ते उदाहरण मी तयार केलं. तू खरं बोलत होतास आणि त्या खऱ्यानंच मला कापत होतास. एवढ्या बारीक सुऱ्यानं कापलेलं आधी कळतच नाही.

म्हापशाचा गाळा पावसाळ्याअखेर दुसऱ्यानं घेतला. मी परत गज हातात घेतला. तो अजून हातात आहे.

* * *

तेराव्याची माणसं पांगली आणि वहिनी मागच्या पडवीत तपेलं घासायला बसली, तेव्हा मी ते वेटोळं नेऊन तिच्यापुढे टाकलं.

"ह्या तुमका म्हायत होता?"

ती घासायची थांबली नाही. म्हणाली, "म्हायत होता. मीच माळ्यार टाकलंय ता."

म्हणजे इतकी वर्षं ह्या घरात मी चहा प्यायलो, सोलकढी प्यायलो, चतुर्थीला पाच दिवस जेवलो, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कोंबड्यांना आणि मला ठाऊक नव्हतं.

"मगे सांगलास कित्याक नाय?"

"तेनी शपथ घातली होती." मग मान वर न करता, "तुमी भिजत होतास ता माका दिसत होता, भावजी. म्हणान तर दर खेपेक टुवाल दिलंय मां!"

खरं आहे. उंबऱ्यात पाऊल टाकलं की वहिनी टॉवेल घेऊन उभी असायची. मला वाटायचं, केवढी माया. मायाच होती म्हणा, जरा वेगळ्या पोटातून आलेली.

"पण कित्याक? माझ्या दुकानान दाजीचा काय बिघडणार होता?"

तेव्हा तिनं हात धुतले आणि रबर आणलंस त्या दिवशी तू बोललेलं जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणाला होतास, "अंत्या म्हापशाक गेलो तर मी बोलाचा कोणाबरोबर?"

एवढंच.

दाजी, हे ऐकून माझं मन द्रवायला हवं होतं. गोष्टीतल्या माणसाचं द्रवलं असतं. बाबीचं द्रवलं, भांडी उचलायला थांबला होता तो डोळे पुसत घरी गेला. मला मात्र असा संताप आला, की मी ते रबर उचलून विहिरीपर्यंत नेलं. अरे, मग मला सांगायचं होतंस! एकदा म्हणायचं होतंस, "जाव नको." मी काय तुझ्या शब्दाबाहेर होतो? कदाचित राहिलो असतो. कदाचित गेलो असतो आणि आठवड्याला आरोंद्याची होडी धरून तुझ्याकडे आलो असतो, कोरड्या अंगानं. काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि तेच तर तू माझ्याकडून काढून घेतलंस. गाळा गेला त्याचं मला एवढं नाही. मी दुकान घातलं असतं तर वर्षभरात बुडवलंही असतं, उधारीला नाही म्हणायला मला अजून येत नाही. पण ते माझं मी बुडवलं असतं.

आपण दोघं बोलायचो तरी काय, दाजी? विचार करून बघ. गाडीबद्दल. प्लग, टायर, तेल, काच. "वायच डावीकडे वाजता काय रे?" "न्हय, ता मागे वाजता." तासन् तास हेच. एवढ्यासाठी तू मला अडकवून ठेवलंस? आणि एवढं बोलणाऱ्या तुला दोन शब्द बोलता आले नाहीत?

बायकोला मी रागारागानं सगळं सांगितलं. तिला बाळंतपणाच्या कळा यायला लागल्या होत्या त्या दुपारची मी तिला आठवण करून दिली. ओहोळ रस्त्यावर आलेला, आपण तिला सरकारी दवाखान्यात नेत होतो, आणि काचेतून पाण्याची धार थेट तिच्या अंगावर. तू गाडी न थांबवता अंगातला शर्ट काढलास, एका हातानं फटीत कोंबलास आणि उघड्या अंगानं मालवणपर्यंत गाडी हाकलीस. दर वळणावर रस्त्यावरची नजर न काढता "वयनीबाय, इलाच हां, इलाच" असं म्हणत होतास. रबर तेव्हा माळ्यावर होतं, हे मी तिला बोट नाचवून सांगितलं.

ती म्हणाली, "आसात. पण थंडीन कुडकुडत माका नेल्यानी तेनीच मां? तुमी तर रडत होतास."

रडत होतो हे खरं. पण मुद्दा तो नव्हता. माझ्या बाजूनं बोलणारं कुणी मिळेना, दाजी. मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे सगळा गाव त्याच्या बाजूला.

* * *

रबर मी विहिरीत टाकलं नाही. ओट्यावर टाकलं आणि चार दिवस तिकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी वहिनीनं बोलावून घेतलं. म्हणाली, दोडामार्गाचे एक काजूवाले गाडीची चौकशी करत होते, त्यांना येऊ दे. लेक तिला बेळगावला बोलावतेय, घर शाकारायचं आहे, आणि दारात हे धूड. "कोंबडी तरी अंडा देता," म्हणाली.

"पण मी शब्द दिलेलो, वहिनी. सगळ्यांसमोर. कावळो शिवलो."

"तुमी दिलास. माका कोणी इचारल्यान? अर्धी गाडी माजी."

मी भटजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "कावळो शिवलो म्हणजे वासना सुटली. सुटलेली परत चिकटणा नाय. आता तू काय करतंस ता तुज्यार." मग जरा वाकून, हळूच, "पण मनात शंका आसात तर एक नारळ दी."

नारळ दिला. शंका गेली नाही. शब्द दिला तो दाजीला दिला होता, आणि तो दाजी मला ठाऊक असलेला दाजी होता. माळ्यावर रबर ठेवणाऱ्या माणसाला मी शब्द दिलाच नव्हता. असं मी स्वतःला समजावलं. मग लगेच वाटलं, हे तर अगदी तुझ्यासारखं झालं. खरं तेवढंच, सोयीचं तेवढंच.

तरी कामाला लागलो. इतकी वर्षं पडून रबर कडक झालं होतं. वहिनीनं हंड्यात पाणी तापवलं, त्यात ते बुडवून मऊ केलं. कसं बसवायचं ते तूच सांगायचास, हवेत बोटं फिरवून फिरवून, जेव्हा जेव्हा "रबर मिळाला तर" हा विषय निघायचा. आता कळतं, ते सांगताना तू एवढा रंगात का यायचास. रबर काचेभोवती चढवायचं, त्याच्या खाचेत सगळीकडून दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. मग एकानं बाहेरून काच चौकटीत दाबून धरायची आणि दुसऱ्यानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड चौकटीवर पलटत जाते. दोन माणसांचं काम. दोरी ओढणारा मी असणार, हे आपलं ठरलेलं होतं.

दोरी वहिनीनं ओढली. तुझ्या जागेवर बसून, पदर खोचून, जाळं विणायच्या सुतळीची दोरी हाताला गुंडाळून. मी बाहेरून छातीनं काच रेटत होतो. दोनदा चुकलं, दोरी मध्येच सुटली, मी बोनेटवरून घसरलो, आणि बाबीची आई कुंपणावरून म्हणाली, "भावजय-दिरांनी गाडयेक न्हाव घालूक घेतल्यानी काय?" तिसऱ्यांदा कड पलटली. सबंध पलटली. वहिनीच्या हातात सगळी दोरी आली आणि ती काचेच्या पलीकडून माझ्याकडे बघत राहिली.

मग मी विहिरीवरून कळशी आणली आणि काचेवर ओतली. दुसरी ओतली. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओततच राहिलो, धोतर भिजलं, अंगण भिजलं, वहिनी आतून हात फिरवून बघत होती.

"भावजी, पुरे. थेंब नाय."

थेंब नव्हता. सकाळी सुरू केलेलं काम दुपारच्या जेवणाच्या आत झालं होतं. एका सकाळचं काम, दाजी. त्या क्षणी तू समोर असतास तर मी कळशी तुझ्या डोक्यात घातली असती. तू समोर नव्हतास, हे मला तेराव्यानंतर पहिल्यांदा नीट कळलं. मी कळशी तिथेच ठेवली आणि बोनेटला टेकून उभा राहिलो.

* * *

दोडामार्गाचे काजूवाले पुढच्या आठवड्यात आले. सभ्य माणूस, पांढरी टोपी, हातात छत्री. आमच्याकडच्या कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण आल्या आल्या पहिला प्रश्न काचेचा.

"गळता म्हणतत. खरा काय?"

"नाय," मी म्हटलं.

"अजाबात नाय?"

"अजाबात नाय. होया तर पाणी घालून बघा."

त्यांनी घातलं. तुझ्या जागेवर बसून बघितलं, माझ्या जागेवर बसून बघितलं, गादी चाचपली, वर बोटं फिरवली. इंजिन सुरू केलं. काळी शहाण्यासारखी एका हाकेला सुरू झाली. वहिनी दारात उभी होती. मी मनाशी ठरवून आलो होतो की ह्यांनी कुणाची गाडी म्हणून विचारलं तर सांगायचं, एका लबाड माणसाची, ज्यानं सख्ख्या मामेभावाला पाण्यात ठेवलं. एवढी हकीगत घोळवून घोळवून तयार केली होती. म्हापसा, वकील, कावळा, सगळं बसवलं होतं जागच्या जागी. पहिल्यांदा तुझ्यावाचून सांगणार होतो, कुणी मध्ये तोंड घालणार नव्हतं.

त्यांनी तसं काही विचारलं नाही. इंजिन बंद केलं, खाली उतरले, छत्री हाताला अडकवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "येवडी बरी गाडी. मगे विकतास कित्याक?"

मी तोंड उघडलं. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"जोडीचो गेलो," मी म्हटलं.

दाजी, एवढंच आलं. त्या माणसानं टोपी काढली. मग वहिनीनं सगळ्यांना आत बोलावलं.

तू गैरसमज करून घेऊ नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. त्यांनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं.